रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी



बी. एस्सी.चा निकाल लागला की पुष्कळ घरांत एक प्रश्न निघतो. रसायनशास्त्र घेऊन एम. एस्सी. करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? ही चर्चा बहुधा गुणांच्या टक्केवारीपाशीच संपते. परंतु ही पदवी विद्यार्थ्यापाशी याहून पुष्कळ अधिक मागते, आणि ते आधीच समजून घेतलेले बरे.

प्रवेशाची पहिली अट म्हणजे रसायनशास्त्रासह मिळविलेली विज्ञानशाखेची पदवी. काही संस्था गणिताचीही अट घालतात, आणि ती अकारण नव्हे. उष्मागतिकी आणि पुंजयामिकी हे विषय गणितावाचून उलगडत नाहीत. आय. आय. टी. संस्थांत जाण्यासाठी 'जॅम' ही परीक्षा असते. तीन तास, साठ प्रश्न आणि शंभर गुण असे तिचे स्वरूप असून ती केवळ इंग्रजीतून होते. अनेक केंद्रीय विद्यापीठांचे प्रवेश २०२२ पासून एका सामायिक परीक्षेतून होतात. राज्य विद्यापीठांचे नियम मात्र निरनिराळे आहेत.

हा अभ्यासक्रम साधारणपणे दोन वर्षांचा, म्हणजे चार सत्रांचा असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना तो एका वर्षात पुरा करण्याची वाटही मोकळी झाली आहे. अभ्यासाचे माप श्रेयांकांत मोजतात. एका श्रेयांकासाठी सत्रात सुमारे पंधरा तास व्याख्याने किंवा तीस तास प्रयोग करावे लागतात. प्रारंभी सेंद्रिय, असेंद्रिय, भौतिक आणि वैश्लेषिक या सर्व शाखांची ओळख होते. पुढे बहुतेक ठिकाणी एक शाखा निवडावयाची असते आणि अखेरीस एखादा संशोधनप्रकल्प सादर करावयाचा असतो.

परंतु पदवीची खरी कसोटी लागते ती प्रयोगशाळेत. ब्युरेटमधील द्रवाची पातळी वाचताना अपेक्षित उत्तर आधीच ठाऊक असले, तर आकडा त्याच्याकडे थोडासा ओढून लिहिण्याचा मोह होतो. वहीपुरता तो मोह क्षुल्लक वाटेल. पण हाच विद्यार्थी उद्या औषधाच्या कारखान्यात बसून गोळीतील अशुद्ध द्रव्याचे प्रमाण ठरविणार असतो, आणि त्याच्या आकड्यावर विसंबून कुणी आजारी माणूस ती गोळी घेणार असतो. म्हणून दोन वाचने जुळली नाहीत तर तिसरे घ्यावे आणि तिन्ही जशीच्या तशी लिहून ठेवावीत, ही शिस्त पाठ्यपुस्तकातील कोणत्याही समीकरणाइतकीच मोलाची आहे.

या पदवीसाठी आपल्याकडे कुणी काय सोसले, हेही आठवावे. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी या नावाने ख्यातनाम झालेल्या विदुषी, १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागण्यास गेल्या. केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रथम नकार मिळाला. त्यांनी आग्रह सोडला नाही, तेव्हा एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम करून त्यांनी १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम. एस्सी. मिळविली आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट संपादन केली.

आज तशी अट कुणाला घातली जात नाही. पण खेड्यातून मराठीत शिकून आलेल्या मुलापुढे इंग्रजी ग्रंथांची भिंत अजून उभी आहे. त्याने पदवीच्या वर्षांतच रोज चार पाने इंग्रजीतून वाचण्याची सवय लावून घ्यावी. पालकांनीही महाविद्यालय निवडताना इमारतीकडे न पाहता तेथे कोणती उपकरणे आहेत, ती चालू आहेत काय आणि विद्यार्थ्यांचे हात त्यांना लागतात काय, एवढे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.