कोथरूडच्या फ्लॅटचा भाव नक्की किती?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज येतोच : शेजारच्या बिल्डिंगमधला टू बीएचके सव्वा कोटीला गेला. त्या संध्याकाळी अख्खी बिल्डिंग मनातल्या मनात कोट्यधीश होते. नीट चौकशी केली की कळतं, गेलाबिला काही नाही. मालकाने तेवढे मागितलेत, आणि ‘विकणे आहे’चा बोर्ड अजून गॅलरीला लटकतोय. कोथरूड असो, कर्वेनगर असो की सिंहगड रस्ता, पुण्यातल्या जुन्या घरांचा बाजार मागितलेल्या भावांवर बोलतो आणि मिळालेल्या भावांवर चालतो. हे दोन भाव एकाच टेबलावर आले की व्यवहार अडतो तो इथेच.

मिळालेला भाव बघायला दलाल लागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ आहे. तिथे वर्ष, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सीटीएस नंबर टाकला की त्या मिळकतीवर झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू दिसतात. मोबदला किती ठरला, सरकारी मूल्यांकन किती, क्षेत्रफळ किती, दस्त कधी नोंदला, सगळं एका पानावर. आपल्याच गल्लीतले वर्षभरातले पाच-सहा इंडेक्स टू शेजारी शेजारी ठेवून बघा, ग्रुपवरच्या मेसेजचं वजन लगेच कळतं. कागदावरचा आकडाही पूर्ण खरा असतो असं नाही. रोखीत काही रक्कम घ्यायची सवय या धंद्यातून पुरती गेलेली नाही. पण जून २०१५ पासून मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय कर्ज काढून घेणाऱ्याला किंमत कागदावरच हवी असते. त्यामुळे हा आकडा गप्पांपेक्षा केव्हाही बरा.

पुढचा घोळ चौरस फुटांचा. जुन्या करारनाम्यात बिल्टअप लिहिलेलं असतं, दलाल सेलेबल सांगतो, नवा बिल्डर रेरा कार्पेट सांगतो, आणि तिन्हींचे दर आपण बिनदिक्कत एकाच रांगेत लावतो. समजा, एक जुना फ्लॅट ८० लाखांना आहे. हजार फूट सेलेबल धरलं तर दर पडतो ८,००० रुपये. आत टेप लावून मोजल्यावर कार्पेट भरलं ७२० फूट, तर तोच दर ११,१११ रुपये. कोपऱ्यावरच्या नव्या प्रोजेक्टच्या दराशी तुलना करायची ती या दुसऱ्या आकड्याची. रेरा आल्यापासून नव्या घरांपुरता प्रश्न सुटला. आतल्या भिंतींसह पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडून कार्पेट मोजायचं, हे कायद्यातच लिहिलंय. रीसेलमध्ये मात्र टेप आपणच न्यायची. लाज वाटण्याचं काही कारण नाही.

घेणाऱ्याचं गणित बहुतेक वेळा ईएमआयवर सुरू होतं आणि तिथेच चुकतं. तेच ८० लाखांचं घर घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, म्हणजे जास्तीत जास्त ६४ लाख. १६ लाख आपले. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. या खर्चाला कर्जाचा आधार नाही. दलाली, वकील, रंगरंगोटी धरायच्या आधीच हातात २२ लाख लागले. खरेदीखतावर फक्त महिलांची नावं असतील तर शुल्कात एक टक्का, म्हणजे ८० हजार वाचतात. घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस घेणाऱ्यानेच कापून भरायचा असतो. ही रक्कम विकणाऱ्याच्या पैशातून जाते, त्यामुळे त्यावरून नंतर तोंड वाजतं. बोलणी होतानाच सांगून टाकावं. आणि बँक किंमत धरते ती करारातली किंवा तिच्या व्हॅल्युअरने काढलेली, यातली कमी असेल ती. तीस वर्षांच्या इमारतीत व्हॅल्युअर हात आखडता घेतो, आणि ती तफावतही आपल्याच खिशातून जाते.

व्याजाने मात्र २०२५ मध्ये साथ दिली. रेपो दर फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेसहा टक्के होता, तो डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आला. ६४ लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर पावणेनऊऐवजी साडेसात टक्के व्याज लागलं तर महिन्याचा हप्ता जवळपास ५ हजारांनी उतरतो. जुन्या कर्जदारांच्या बाबतीत बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. हप्ता कमी हवा असेल तर तसं लेखी मागावं लागतं.

आता ज्यामुळे सगळ्यांची डोकी तापली आहेत त्याकडे, म्हणजे रीडेव्हलपमेंटकडे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियमावली आली, बांधकामाला वाव वाढला, आणि कोथरूडमधल्या लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींकडे बिल्डरांचं लक्ष गेलं. मार्च २०२२ मध्ये वनाजपासून मेट्रो धावू लागली. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरचा, ओल आलेला फ्लॅट विकताना मालक उद्याच्या टॉवरमधल्या घराचा भाव मागतो. त्याचं तसं चूक नाही. पण घेणारा हे पैसे आज मोजतो, आणि टॉवर कधी उभा राहील हे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेलाही सांगता येत नाही.

अशा घरासाठी जादा पैसे मोजायचे तर आधी काही कागद बघावेत. कन्व्हेयन्स झालंय का? नसेल तर जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे, आणि मानीव अभिहस्तांतरणाचं प्रकरण आधी निस्तरावं लागेल. विकसन करारनामा नोंदवला गेलाय, की बिल्डरने नुसती ऑफर दिलीय? चकचकीत फोल्डरमधल्या ऑफरची किंमत त्या फोल्डरएवढीच. प्लॉटसमोरचा रस्ता किती रुंद आहे? एफएसआय आणि टीडीआर किती वापरता येईल ते मुख्यतः त्यावर ठरतं. गल्ली अरुंद असेल तर वाढीव कार्पेटची स्वप्नं तिथेच आटोपतात. करार झालेला असेल तर भाडं, कॉर्पस आणि नव्या घरावरचा हक्क घेणाऱ्याकडे कधीपासून जाणार, हे खरेदीखतात स्पष्ट लिहून घ्यावं. सरकारी परिपत्रकानुसार सोसायटी हस्तांतरणाचा प्रीमियम म्हणून जास्तीत जास्त २५ हजार घेऊ शकते. ‘बिल्डिंग फंड’ म्हणून दोन लाख मागणाऱ्या सेक्रेटरींना ते परिपत्रक दाखवायला हरकत नसावी.

विकणाऱ्यांमध्ये साठी-सत्तरी ओलांडलेले बरेच. जिने चढवत नाहीत, मुलं बाणेरला किंवा बोस्टनला. कराची धास्ती त्यांनाच जास्त. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरावर निवासी भारतीयांना दोन वाटा आहेत : इंडेक्सेशन, म्हणजे खरेदी किमतीत महागाईची वाढ, न घेता साडेबारा टक्के किंवा घेऊन २० टक्के, ज्यात कर कमी बसेल ती. घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं. ते १० लाख होतं आणि आज ८० लाखांना विकलं असं मानू. साडेबाराने ८ लाख ७५ हजार होतात. २०२५-२६ च्या ३७६ या निर्देशांकाने २० टक्के काढले तर ८ लाख ४८ हजार. फरक २७ हजारांचा. इंडेक्सेशन काढण्याच्या ज्या बदलावरून २०२४ मध्ये एवढा गदारोळ झाला, त्यात या घराचं फारसं काही बिघडलं नाही. २००१ चं मूल्य यापेक्षा जास्त निघालं तर २० टक्क्यांची वाट आणखी फायद्याची, म्हणून व्हॅल्युअरचा दाखला टोकन घ्यायच्या आधीच काढून ठेवावा. नफ्याची रक्कम दोन वर्षांत दुसऱ्या राहत्या घरात घातली तर त्यावरचा कर वाचतो. मात्र रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत घर मिळालं नसेल तर ते पैसे बँकेत कॅपिटल गेन खात्यात ठेवावे लागतात. साध्या एफडीत ठेवले तर सवलत हातची जाऊ शकते.