ऑपरेशन पोलो : सोलापूर आघाडीची सैन्यरचना

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानाविरुद्ध झालेल्या ऑपरेशन पोलो या कारवाईत सोलापूरहून निघालेल्या भारतीय सैन्याची नेहमीच्या पलटणींऐवजी कामगिरीनुसार मिश्र दलांत फेरमांडणी करण्यात आली होती. कारवाईला 'पोलीस ॲक्शन' म्हटले गेले. पण तिचे नियोजन आणि नेतृत्व पूर्णतः लष्करी होते.

पार्श्वभूमी

सोलापूर मुंबई प्रांतात, तर तुळजापूर तालुका निजामाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात होता. या तालुक्यातील तामलवाडी हे सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरचे गाव. त्यामुळे हा भाग थेट आघाडीवर येत होता. कारवाईची मूळ योजना दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल गोडार्ड यांनी आखली. पश्चिमेकडून सोलापूर आणि पूर्वेकडून विजयवाडा अशा दोन मुख्य चढाया तिच्यात होत्या. प्रत्यक्ष कारवाईच्या वेळी कमांडची सूत्रे लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी यांच्याकडे होती. सोलापूर आघाडीचे नेतृत्व मेजर जनरल जे. एन. चौधरी यांनी, तर विजयवाडा आघाडीचे मेजर जनरल ए. ए. रुद्र यांनी केले.

फेरमांडणी

शांततेच्या काळात पायदळ, रणगाडे, तोफखाना आणि अभियंते यांची पथके वेगवेगळी राहतात. सोलापूर ते हैदराबाद हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर, त्यात पावसाळा आणि वाटेत नद्या. प्रत्येक नाक्यावर दुसऱ्या शाखेची मदत मागवावी लागली असती, तर चढाईचा वेग तिथेच संपला असता. म्हणून चौधरींच्या हाताखाली चार दले उभी करण्यात आली. स्ट्राइक फोर्समध्ये वेगाने हालचाल करणारे पायदळ, घोडदळाच्या यांत्रिक तुकड्या व हलका तोफखाना होता. स्मॅश फोर्समध्ये मुख्यतः रणगाडे आणि तोफखाना. किल फोर्समध्ये पायदळ व अभियंते. वीर फोर्समध्ये पायदळ, रणगाडाविरोधी तुकड्या व अभियंते. अशा मिश्र दलामुळे पुढे असलेल्या अधिकाऱ्याला लागणारी साधने त्याच्याच हाती राहत.

प्रत्यक्ष कारवाई

१३ सप्टेंबर रोजी पहिली कसोटी नळदुर्गला लागली. ७व्या ब्रिगेडने बोरी नदीवरील पूल शाबूत ताब्यात घेतला आणि दुसऱ्या शीख पलटणीने तिथल्या हैदराबादी ठाण्यांवर हल्ला केला. हा पूल उडवला गेला असता, तर मागचे रणगाडे नदीकाठीच अडकले असते. तो हाती आल्यामुळे चिलखती तुकडी सकाळी ९ वाजता जळकोटला पोहोचली. तिच्या पुढे लेफ्टनंट कर्नल राम सिंग यांच्या नेतृत्वाखाली स्ट्राइक फोर्स निघाली आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास उमरग्यात दाखल झाली.

त्याच पहाटे दुसरी तुकडी तुळजापुरावर चालून गेली. तिच्यात रणगाड्यांसोबत पंजाब आणि गुरखा पलटणी, मेवाड पायदळ, तोफखाना व अभियंत्यांची कंपनी होती. पहिल्या हैदराबाद पायदळाची तुकडी आणि सुमारे २०० रझाकार यांनी दोन तास प्रतिकार केला. पुढे लोहाऱ्याकडे जाणारी वाट मात्र पुराच्या पाण्याने अडवली. अभियंते सोबत असूनही तिथे चाल थांबली.

१४ सप्टेंबरला राजेश्वरच्या वाटेवर दबा धरलेल्या जागा विमानातून केलेल्या टेहळणीत दिसल्या. टेंपेस्ट विमानांनी त्यांच्यावर मारा केल्यानंतर भूदल दुपारपर्यंत तिथे पोहोचले. हवाई दलाचे नेतृत्व एअर व्हाइस मार्शल सुब्रोतो मुखर्जी यांच्याकडे होते. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. १८ सप्टेंबरला संस्थानाचे सेनापती सय्यद अहमद अल-एद्रूस यांनी चौधरींसमोर शरणागती पत्करली. चौधरी नंतर हैदराबादचे लष्करी प्रशासक झाले.

पुढील काळ

भूदल आणि हवाई दल एकाच आघाडीवर लढले, तरी त्यांची अधिकारसाखळी वेगळी राहते. हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ कायम राहिला. तिन्ही दलांची पहिली संयुक्त कमांड २००१ मध्ये अंदमान व निकोबार येथे स्थापन झाली. १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत पहिले संरक्षणदल प्रमुख झाले. संयुक्त संस्थेच्या प्रमुखाला अन्य दलांतील कर्मचाऱ्यांवरही शिस्तीचे अधिकार देणारा कायदा २०२३ मध्ये संमत झाला व १० मे २०२४ पासून लागू झाला.