तुटलेल्या दोरीचं इंजिन

ऑक्टोबर छाटणी उरकलेली असते, वेलींवर कोवळी फूट आणि फुलोरा असतो आणि नेमका त्याच दिवसांत रात्री पाऊस पडून जातो. तासगाव-पलूसकडच्या द्राक्ष बागायतदाराला मग सकाळची वाट बघत बसायला सवड नसते. डाऊनी रोग पानावर बसायच्या आत फवारा गेला पाहिजे. मोठ्या बागेत ट्रॅक्टरवरचा ब्लोअर फिरतो. एकर-दीड एकराच्या बागेत, किंवा चिखलामुळे ट्रॅक्टर आत घालता येत नाही तिथे, जास्त दाबाने फवारणारा एचटीपी पंप आणि त्याला जोडलेलं पेट्रोलचं इंजिन हाच आधार. अशा वेळी इंजिन चालू करायला दोरी मारावी, मूठ हातात यावी आणि बाकीची दोरी सर्रकन आत निघून जावी! इंजिन ठणठणीत, पेट्रोल भरलेलं, औषध कालवलेलं, आणि मीटरभर दोरीपायी सगळं अडलेलं. दुकानं दहाशिवाय उघडत नाहीत.

हे दुखणं एकट्या द्राक्षवाल्याचं नाही. कराडला कृष्णा आणि कोयना भेटतात, तशी सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतली यंत्रंही तिथल्या दुरुस्तीच्या दुकानांत भेटतात. पाटण-हेळवाककडून झाडं कापायच्या चेनसॉ येतात, डोंगराकडच्या गावांतून गवत कापायचे ग्रास कटर, वाळवा-कडेगावच्या ऊसपट्ट्यातून फवारणीचे पंप आणि पॉवर वीडर. अशाच एका दुकानात मिस्त्रींच्या बाकाशेजारी बसून दोरी बदलायचं काम मी पाहिलं आणि त्यांच्या नजरेखाली स्वतःही केलं.

पहिलं काम स्क्रूला हात लावायच्या आधीचं असतं: प्लगची टोपी काढून बाजूला करायची. दोरी बसवताना चुकून इंजिन फिरलं तरी पेटता कामा नये. मग बाजूचं झाकण, म्हणजे सगळे ज्याला रिकॉईल म्हणतात ते, तीन-चार स्क्रू काढून हातात घ्यायचं. आत प्लॅस्टिकची चकती, तिच्याखाली पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग, आणि दोरी ओढली की बाहेर येऊन इंजिनाला पकडणारे खटके. स्प्रिंग जुन्या चावीच्या घड्याळात असते तशीच, पण जोर कितीतरी जास्त. मिस्त्री चकती सहसा उचलत नाहीत. उचलावीच लागली तर आधी ताण सोडतात, अंगठ्याने दाबून धरतात, तोंड बाजूला ठेवतात. सुटलेल्या स्प्रिंगची पट्टी डोळ्यावर बसली तर डोळा जातो. घरी हे काम करणाऱ्याने गॉगल लावावाच.

जुन्या दोरीचा तुकडा चकतीच्या भोकात गाठीसकट अडकलेला असतो. तो ते काढतात आणि फेकायच्या आधी निरखून बघतात. मला त्यांच्या कामातला हा क्षण सगळ्यात मोलाचा वाटला. टोक झिजून लव फुटल्यासारखं झालं असेल, तर झाकणाच्या ज्या भोकातून दोरी बाहेर येते तिथली बुश घासून धारदार झाली आहे. नवी दोरीही तिथेच तुटणार, म्हणून आधी बुश बदलायची. टोक चकतीच्या गाठीपाशीच तुटलं असेल, तर ओढणारा दर वेळी दोरी पार शेवटापर्यंत खेचतो आहे. दोरी तेला-पेट्रोलने काळी पडून कडक झाली असेल, तर गळती शोधायची. आणि जुनी दोरी चांगली असूनही मधेच तुटली असेल, तर इंजिनच उलटं झटकतं आहे. फ्लायव्हीलची चावी अर्धी कातरली गेली की स्पार्कची वेळ सरकते, इंजिन उलटा दणका देतं, आणि दोरीबरोबर मनगटही धोक्यात येतं.

एचटीपी पंपांच्या बाबतीत आणखी एक कारण वारंवार निघतं. काल फवारणी संपवताना प्रेशरचा खटका खाली केलेला नसतो. सकाळी दोरी ओढणारा इंजिनाबरोबर दाबाखालचा पंपही ओढत असतो. दोरी जड लागते, माणूस आणखी जोर लावतो आणि तुटते. दोष दोरीवर जातो.

नवी दोरी विणीची नायलॉनचीच हवी. पिळाची प्लॅस्टिकची दोरी किंवा घरात सापडली ती सुतळी घासून, तापून लगेच जाते. जाडीही जुन्याइतकीच: लहान ग्रास कटरला साधारण ३ मिलिमीटर, मधल्या चेनसॉला साडेतीनच्या आसपास, पंपाच्या इंजिनाला त्याहून जाड. जास्त टिकेल म्हणून जाड दोरी घातली की ती चकतीत मावत नाही आणि मधेच अडकते. दोन्ही टोकं काडेपेटीने वितळवायची, कापडाने पिळून टोकदार करायची. एक टोक चकतीच्या भोकातून घालून आठाची गाठ, दुसरं बुशमधून बाहेर काढून मुठीत.

यापुढचा भाग हाताला समजेपर्यंत चुकत राहतो. दोरी चकतीवर गुंडाळायची, कडेच्या खाचेत अडकवायची, आणि चकती दोरीसकट दोन-तीन वेढे फिरवून स्प्रिंगला ताण द्यायचा. ताण कमी पडला तर मूठ बाहेर लोंबत राहते. जास्त झाला तर दोरी पूर्ण ओढताना स्प्रिंग शेवटाला भिडते आणि तुटते. याची परीक्षा सोपी आहे. मूठ झाकणाला ताठ बसली पाहिजे. आणि दोरी पूर्ण बाहेर ओढून धरली असताना चकती आणखी निदान अर्धा वेढा फिरली पाहिजे. मिस्त्री ही दुसरी परीक्षा एकदाही चुकवत नाहीत.

तेवढ्यात पंप घेऊन एक वयस्कर शेतकरी आले. महिन्यापूर्वीच दोरी बदलून नेलेली.

“अण्णा, ओढल्यावर मूठ सोडून देता का?”

“मग काय धरून बसायचं?”

“धरूनच आत न्यायची. आणि पहिल्यांदा हळू ओढायची, जड लागेपर्यंत. मग झटका.”

अण्णांनी बाकावर ठेवलेल्या इंजिनावर तसं करून पाहिलं. इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं.

यंत्राला जागं करायचं हे कसब या भागाला नवं नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, १९२२ साली धनजीशा कूपर यांनी साताऱ्यात कारखाना काढला.  पुढे विहिरीविहिरींवर डिझेल इंजिनं आली, ती हँडल मारून चालू व्हायची. डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून धरायचा, हँडलला वेग द्यायचा, खटका सोडायचा. वेळ चुकली की हँडल उलटं येऊन हात मोडायचा. नंतरच्या छोट्या पेट्रोल-रॉकेल इंजिनांना सुटी दोरी दर वेळी पुलीवर गुंडाळावी लागे. ती तुटली तर खिशातली दुसरी गुंडाळायची. दोरी आपोआप आत ओढणारी स्प्रिंग आली, झाकण आलं, आणि ही दुरुस्ती शेतकऱ्याच्या नजरेआड गेली. मला यात नुकसान दिसतं. झाकणाआड आहे म्हणून ते काम अवघड आहे, असा समज झाला आहे.

पावसाळ्यात हा समज फार महाग पडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. अशा दिवसांत रस्त्यावर आडवं पडलेलं झाड कापायला चेनसॉ लागते, पाणी उपसायला पंप लागतो, बोटीच्या छोट्या इंजिनालाही दोरीच असते. वीज गेलेली असते, रस्ते बंद असतात, दुकान नदीपलीकडे असतं.

म्हणून एवढं जरूर करा. मे महिन्यात आणि ऑक्टोबर छाटणीच्या आधी आपल्या यंत्राची दोरी पूर्ण बाहेर ओढून उजेडात बघा. कुठे लव सुटलेली दिसली तर तुटायची वाट न पाहता बदला. योग्य जाडीची दोन मीटर दोरी, एक स्क्रू ड्रायव्हर आणि काडेपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून यंत्राबरोबरच ठेवा. दोरीचा खर्च दोन-चार चहांच्या वर जात नाही. चेनसॉ जमिनीवर टेकवून, ब्रेक लावून, मागच्या मुठीवर पाय ठेवूनच चालू करा, हवेत धरून नाही. आणि पहिली दोरी मिस्त्रींसमोर बसून स्वतः बदला. चांगला मिस्त्री शिकवायला नाही म्हणत नाही.