पायलटची पहिली नोकरी : छोटी प्रादेशिक एअरलाईन घ्यावी का? मोबाईलवरूनच कंपनी कशी तपासायची

गारखेड्यात आमच्या सूतगिरणी चौकाच्या भागात राहणाऱ्या एका मित्राकडे कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल आहे. ट्रेनिंगसाठी घरच्यांनी सातारा परिसरातला प्लॉट गहाण ठेवलाय. सध्या त्याच्यासमोर दोन रस्ते आहेत. एक, छोट्या विमानांच्या प्रादेशिक कंपनीत लगेच रुजू व्हायचं. दुसरा, मोठ्या कंपनीच्या भरतीची वाट बघायची. वाट बघताना बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. मी काही पायलट नाही, टेक्नॉलॉजीवर लिहितो. पण या निर्णयाला लागणारी बरीच माहिती मोबाईलवर फुकट मिळते, म्हणून हा लेख.

प्रादेशिक एअरलाईन म्हणजे नेमकं काय?

मोठ्या शहरांना छोट्या शहरांशी जोडणारी, साधारण ५० ते ८० सीटची विमानं चालवणारी कंपनी. आपल्याकडची ठळक नावं अशी :

- अलायन्स एअर : सरकारी मालकीची कंपनी, मुख्यतः एटीआर-७२ विमानं. एप्रिल २०२५ मध्ये मुंबई–अमरावती सेवा हिनेच सुरू केली.
- स्टार एअर : कोल्हापूरच्या घोडावत ग्रुपची, २०१९ पासून. एम्ब्रेअर कंपनीची जेट विमानं.
- फ्लाय९१ : गोव्याची, मार्च २०२४ पासून. एटीआर-७२. जळगाव, सिंधुदुर्ग, सोलापूरला याच विमानांनी सेवा सुरू केली.

इंडिगोकडेही २०१७ पासून एटीआर आहेत, पण त्यांचा मुख्य ताफा एअरबसचा.

विमानं एवढी छोटी का? एक कारण प्रवासी कमी. दुसरं कारण हिशोबाचं. ८० पेक्षा कमी सीटच्या विमानांना देशांतर्गत उड्डाणात लँडिंग शुल्कातून सूट आहे आणि ४० टनांखालच्या विमानांच्या इंधनावर विक्रीकर कमी लागतो. इंडिगोच्या एटीआरमध्ये बरोबर ७८ सीट का, हे आता लक्षात आलं असेल! शिवाय 'उडान' योजनेत निवडलेल्या मार्गांवर तीन वर्षांपर्यंत अनुदान मिळतं. हा तीन वर्षांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पायलटला फायदा काय?

सीपीएलसाठी किमान २०० तास उड्डाण लागतं. कॅप्टन व्हायचं तर एटीपीएल हे पुढचं लायसन्स हवं, त्यासाठी किमान १५०० तास. बाकी परीक्षा आणि अटी आहेतच. म्हणजे नवीन पायलटची खरी कमाई पगारासोबत लॉगबुकातले तास.

साधं गणित करू. १३०० तास कमी पडतात. महिन्याला ७० तास उडायला मिळाले तर साधारण १९ महिने लागतील. ४० तासच मिळाले तर ३३ महिने. सव्वा वर्षाचा फरक! कंपनी मोठी की छोटी यापेक्षा तिची विमानं रोज उडतात का, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

दुसरा फायदा हाताला वळण लागण्याचा. प्रादेशिक मार्ग छोटे असतात, त्यामुळे तेवढ्याच तासांत टेकऑफ-लँडिंग जास्त होतात. धावपट्ट्या बऱ्याचदा लहान, पावसाळ्यात ढग खाली. एटीआरमध्ये ऑटोथ्रॉटल नसतो, म्हणजे इंजिनाची पॉवर पायलटलाच हाताने सांभाळावी लागते. शिकायला हे चांगलंच.

धोका कुठे आहे? आपल्या शहराचंच उदाहरण बघा

ट्रूजेट आठवते का? हैदराबादची ही कंपनी २०१५ मध्ये सुरू झाली आणि चिकलठाण्याहून हैदराबादला तिचं एटीआर उडायचं. २७ एप्रिल २०१७ ला 'उडान'ची पहिली उड्डाणं झाली, त्यात नांदेड–हैदराबाद मार्ग ट्रूजेटचाच होता. कोविडनंतर पैशांची अडचण वाढत गेली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सेवा थांबली. प्रवाशाला दुसरं विमान किंवा रेल्वे मिळते, पण पायलटचे तास तिथेच थांबतात.

मोठ्या कंपन्या बुडत नाहीत असंही नाही. जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये थांबली. पण छोट्या कंपनीकडे विमानंच मोजकी. सहापैकी दोन दुरुस्तीला गेली तरी एक तृतीयांश काम बंद.

यात आणखी एक गोष्ट असते, टाईप रेटिंग. पायलटला ज्या प्रकारच्या विमानाचं रेटिंग आहे, तेच तो उडवू शकतो. एटीआरचं रेटिंग असेल तर अलायन्स एअर, फ्लाय९१, इंडिगो असे पर्याय राहतात. ए-३२० चं असेल तर इंडिगो आणि एअर इंडिया या दोन्ही मोठ्या कंपन्यांची दारं उघडी. याउलट एम्ब्रेअर ई-१७५ हे विमान चांगलं आहे, पण भारतात ते चालवणारी प्रवासी कंपनी म्हणजे मुख्यतः स्टार एअरच. नोकरी बदलायची वेळ आली तर नवीन रेटिंगचा खर्च येऊ शकतो.

मोबाईलवर तपासणी : चार पायऱ्या

१. विमानं खरंच उडतात का? फ्लाईटरडार२४ ॲप घ्या. विमान आपली जीपीएस जागा आणि उंची रेडिओवरून सतत सांगत असतं, या तंत्राला एडीएस-बी म्हणतात. जमिनीवरचे रिसीव्हर ते पकडतात आणि ॲप नकाशावर दाखवतं. कंपनीचं नाव शोधून तिच्या विमानांची यादी काढा. भारतीय विमानाचा नंबर 'व्हीटी'ने सुरू होतो. प्रत्येक नंबरवर टॅप केलं की फुकटच्या खात्यात मागचे सात दिवस दिसतात. महिनाभर दर रविवारी बघून नोंद ठेवा : एकूण विमानं किती, उडणारी किती, रोज किती फेऱ्या.

एक काळजी घ्या. छोट्या विमानतळाजवळ रिसीव्हर नसेल तर कमी उंचीवर विमान नकाशावरून गायब होतं. याचा अर्थ फेरी रद्द झाली असा नाही. आणि एखादं विमान आठवडाभर उभं दिसलं तर ते नेहमीच्या देखभालीतही असू शकतं. महिनोन् महिने उभं असेल तर मात्र विचारा.

२. डीजीसीएचा मासिक अहवाल. वेबसाईटवर दर महिन्याची पीडीएफ असते. त्यात कंपनीनिहाय रद्द फेऱ्यांचं प्रमाण आणि भरलेल्या सीटची टक्केवारी मिळते. एका महिन्यावर जाऊ नका, सहा महिन्यांच्या फाईल शेजारी ठेवा.

३. पैशांची तब्येत. क्रिसिल, इक्रा, केअर यांसारख्या संस्था कंपन्यांच्या कर्जाला रेटिंग देतात आणि त्यामागची कारणं वेबसाईटवर फुकट टाकतात. कंपनीचं नाव आणि 'रेटिंग' असं सर्च करा. रेटिंग खाली आलंय का आणि कशामुळे, एवढं वाचलं तरी पुरे.

४. मार्ग कोणते? कंपनीचे किती मार्ग 'उडान'मध्ये आहेत आणि त्यांची तीन वर्षं कधी संपतात, ते काढा. अनुदान संपल्यावर मार्ग बंद पडला तर तुमचे तासही कमी होणार.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

- टाईप रेटिंगचा खर्च कोण करणार? बाँड किती वर्षांचा, आणि रक्कम दरवर्षी कमी होते का?
- कंपनीच बंद पडली किंवा विमानं उभी राहिली तर बाँडचं काय?
- महिन्याला किती तासांचा पगार पक्का?
- ट्रेनिंग संपल्यावर लाईनवर उडायला कधीपासून मिळेल? सिम्युलेटरची तारीख ठरलीय का?
- बेस कुठे? हैदराबाद किंवा बंगळूरला भाड्याने राहायचं तर हप्ता भरून हातात काय उरतं?

नोटीस पीरियडही लक्षात घ्या. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. 'आवडलं नाही तर महिन्याभरात सोडू' हे इथे चालत नाही. २०२३ मध्ये नोटीस न पाळता गेलेल्या पायलटांविरुद्ध अकासा एअर मुंबई उच्च न्यायालयात गेली होती.

आणि हो, टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर 'को-पायलटची सीट पक्की, आज टोकन भरा' असे मेसेज फिरतात. भरतीची जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवर दिसत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका.

मग माझं मत काय?

तीन गोष्टी जुळल्या तर छोटी कंपनी घ्यावी : बहुतेक विमानं रोज उडताना दिसतात, त्या विमानाचं रेटिंग दुसरीकडेही चालतं, आणि बाँडची रक्कम घरच्यांना झेपेल एवढी आहे. यातली पहिली गोष्टच जुळत नसेल तर ऑफर लेटर कितीही चकचकीत असलं तरी थांबलेलं बरं. बाकी दोनपैकी एखादी कमी पडत असेल तर कंपनीशी बोलून बघता येतं, बाँडच्या अटी काही वेळा बदलून मिळतात.

मित्राला मी हेच सांगितलंय. तो सध्या दर रविवारी वहीत विमानांचे नंबर लिहितोय. त्याचे वडील शेजारी बसून विचारतात, "आज किती उडाली?" तुमच्या घरीही असा निर्णय समोर असेल तर आई-वडिलांनाही ते ॲप उघडून दाखवा. कर्जावर त्यांचीही सही असते.