कच्छच्या लहान रणातील मीठ

पान वाढताना प्रथम मीठ वाढतात. ते कोठून आले, असे विचारल्यास बहुतेक मुले ‘समुद्रातून’ असे उत्तर देतात. कोकणातील मिठागरांपुरते ते खरे आहे. परंतु रणातील जमिनीखालच्या पाण्यापासूनही मीठ पिकते. गुजरातमधील कच्छचे लहान रण हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

सुमारे 5000 चौरस किलोमीटरच्या या सपाटीवर पूर्वी समुद्राची खाडी होती. ती गाळाने भरून आली व क्षार जमिनीत राहिले. पावसाळ्यात नद्यांचे व खाडीचे पाणी पसरून तेथे उथळ सरोवर बनते. पाणी ओसरले की भेगाळलेला चिखल उरतो. तेथे धान्य पिकत नाही. उंचवट्यांवरील गवतावर रानगाढवे मात्र चरतात.

पावसाळा संपताच अगरिया कुटुंबे रणात राहावयास जातात. आपल्याकडील ‘आगरी’ या नावाप्रमाणे हेही नाव ‘आगर’ म्हणजे मिठागर यावरून पडले आहे. जमिनीखालचे पाणी समुद्राच्या पाण्याहून कितीतरी अधिक खारट असते. ते पंपाने उपसून एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात फिरवितात व उन्हावाऱ्यात आटवितात. कमी विरघळणारे जिप्समसारखे क्षार आधी खाली बसतात, नंतर मिठाचे खडे धरतात. मॅग्नेशियमचे कडू क्षार पाण्यात शेवटपर्यंत राहतात. म्हणून ते पाणी वेळीच काढून टाकणे, यातच अगरियाचे कौशल्य असते. या कडू पाण्यापासून ब्रोमीन मिळते. खडे सारखे वाढावेत म्हणून लाकडी दाताळ्याने वाफे वारंवार ओढावे लागतात. मीठ आहाराप्रमाणेच कातडी टिकविण्यास व सोडा बनविण्यासही लागते.

अवकाळी पाऊस आल्यास महिनोन्‌महिन्यांचे श्रम विरघळून जातात. त्याहून मोठी हानी मुलांची होते. आईबापांसह रणात गेल्याने त्यांची गावची शाळा सुटते. तेथे तंबूत व जुन्या बसगाड्यांत वर्ग भरविण्याचे प्रयत्न झाले आहेत. आपल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांची अडचणही हीच आहे.

हा पाठ घेताना शिक्षकांनी थाळीत मिठाचे पाणी घेऊन ते उन्हात ठेवावे. पाणी आटून खडे दिसू लागले, की मुलांना विचारावे: हे मीठ ज्यांनी पिकविले, त्यांची मुले आज कोणत्या शाळेत असतील? मग हजेरीपटात स्थलांतरामुळे कोणाची जागा रिकामी आहे, तेही पाहावे.