रुळांपलीकडचा तालुका : म्हैसूरची सरकारी बस आणि एच. डी. कोटे

म्हैसूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, केरळच्या वायनाडला लागून असलेल्या हेग्गडदेवनकोटे, म्हणजेच एच. डी. कोटे, या तालुक्याला रेल्वे नाही. तालुक्याचे गाव म्हैसूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. त्यापलीकडे कबिनी नदीचे खोरे, नागरहोळेचे अरण्य आणि जेनु कुरुब, काडु कुरुब या आदिवासी समाजांच्या वस्त्या आहेत. अशा भागात सार्वजनिक वाहतूक म्हणजे बसच. त्यामुळे सरकारी बस कोणासाठी आणि कशाच्या बळावर चालते, हा प्रश्न येथे जितका स्पष्ट दिसतो तितका मोठ्या शहरात दिसत नाही.

भारतातील शहरी वाहतुकीचा आरंभ ट्रामने, म्हणजे रस्त्यात बसवलेल्या रुळांवरून धावणाऱ्या गाडीने झाला. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये तिच्या जागी विजेची ट्राम आली आणि १९६४ मध्ये ती सेवा बंद झाली. ट्राम चालवणारी कंपनी वीजही पुरवीत असे, कारण वीजनिर्मितीत गुंतवलेले भांडवल फेडण्यास दिवे आणि ट्राम अशी दोन गिऱ्हाइके एकाच शहरात मिळत. म्हैसूर संस्थान विजेच्या बाबतीत मागे नव्हते. शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पोहोचली आणि १९०५ मध्ये बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. तरीही संस्थानात ट्राम रुजली नाही. रूळ, तारा आणि गाड्या यांवर आधीच करावा लागणारा मोठा खर्च भरून येण्यासाठी लहानशा अंतरात दिवसभर दाट गर्दी लागते, आणि विरळ वस्तीच्या मुलखात ती मिळणे शक्य नव्हते.

रेल्वेनेही या तालुक्याला बाजूला ठेवले. बंगळूर–म्हैसूर लोहमार्ग १८८२ मध्ये पूर्ण झाला आणि पुढे तो नंजनगूड, चामराजनगर या दिशेने वाढला. कबिनीच्या वरच्या अंगाची गावे मात्र त्यापासून दूरच राहिली. मोटारबसला स्वतःचा मार्ग बांधावा लागत नाही, असलेल्या रस्त्यावर ती धावते आणि प्रवासी कमी झाले तर फेरी बदलता येते. हा गुण अशा प्रदेशाला उपकारक ठरला. पण खाजगी बसमालक स्वाभाविकपणे गर्दीचे आणि नफ्याचे मार्ग निवडत, आणि तोट्याचा मार्ग कोणी चालवायचा हा प्रश्न तसाच उरे.

या प्रश्नाचे उत्तर प्रथम संस्थानांनी शोधले. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९३२ मध्ये रेल्वे खात्याचीच शाखा म्हणून २७ बसगाड्यांची सरकारी सेवा सुरू झाली. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात असल्याने मराठी वाचकांच्या प्रवासाच्या इतिहासातही तिला स्थान आहे. त्रावणकोरने १९३८ मध्ये तोच मार्ग धरला. स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर मुंबई प्रांताची पहिली एसटी धावली, आणि त्याच वर्षी १२ सप्टेंबरला म्हैसूर सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याने १२० बसगाड्यांनिशी कामाला आरंभ केला. महाराष्ट्राची एसटी आणि कर्नाटकाची सरकारी बस यांचा जन्म असा अवघ्या साडेतीन महिन्यांच्या अंतराने झाला.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने दोन्ही व्यवस्था एकमेकींत गुंतल्या. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि उत्तर कन्नड हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि तेथील एसटीची सेवाही त्यांच्याबरोबर म्हैसूरच्या खात्याकडे आली. हैदराबादच्या कन्नड भागातही असेच घडले, तर मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. वेगवेगळ्या राजवटींत वाढलेल्या या सेवा एका छत्राखाली आणण्यासाठी केंद्राच्या १९५० च्या रस्ते वाहतूक महामंडळ कायद्यानुसार १ ऑगस्ट १९६१ रोजी म्हैसूर राज्याचे स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. महामंडळ म्हणजे सरकारच्या मालकीची, पण स्वतःचा जमाखर्च आणि कारभार असलेली संस्था. १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाले, तसे महामंडळाचेही नाव बदलले. १९९७ पासून त्याचे विभाजन होऊन बंगळूर शहर, हुबळी आणि कलबुर्गी येथे वेगळी महामंडळे झाली. म्हैसूरसह दक्षिणेकडील जिल्हे मूळ महामंडळाकडेच राहिले.

या साऱ्या रचनेचा शेवटचा दुवा म्हणजे डेपो, जेथे गाड्या मुक्कामाला असतात, त्यांची देखभाल होते आणि चालक-वाहकांच्या पाळ्या लावल्या जातात. प्रत्येक फेरीचे यश भारमानावर, म्हणजे उपलब्ध आसनांपैकी किती भरली या प्रमाणावर मोजले जाते. म्हैसूरला जाणारी सकाळची गाडी भरून जाते, परंतु अरण्याच्या कडेच्या गावाकडे दुपारी जाणाऱ्या गाडीचे भारमान कमी राहणे अटळ असते. मार्गही सोपे नाहीत. बीचनहळ्ळीजवळचे कबिनी धरण १९७४ मध्ये पूर्ण झाल्यावर अनेक गावे उठली आणि वस्त्या नव्या ठिकाणी वसल्या. अंतरसंते, बावलीमार्गे मानंतवाडीला जाणाऱ्या रस्त्यावर अरण्यातील टप्प्यात वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी संध्याकाळी ६ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते, त्यामुळे वेळापत्रक दिवसाच्या बारा तासांतच बसवावे लागते.

अशी फेरी टिकते ती परस्पर भरपाईच्या तत्त्वावर : लांब पल्ल्याच्या आणि आरामगाड्यांच्या उत्पन्नातून ग्रामीण मार्गाची तूट भरून काढायची, आणि सवलतीच्या प्रवासाचे पैसे सरकारने महामंडळाला द्यायचे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकाने शक्ती योजनेखाली राज्यातील महिलांना साध्या सरकारी बसमधून राज्यांतर्गत मोफत प्रवास दिला; त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्राने महिलांना एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत दिली होती. शेतमजूर बाईला तालुक्याच्या दवाखान्यात किंवा बाजारात जाण्यासाठी मजुरीतला हिस्सा बाजूला काढावा लागू नये, हा या सवलतीचा खरा आशय आहे. मात्र भाडे माफ केल्याने गाडी येत नाही. ज्या वस्तीला दिवसातून थोड्याच फेऱ्या मिळतात, तिच्यासाठी फेरी रद्द न होणे आणि वेळेवर येणे हे मोफत तिकिटाइतकेच मोलाचे असते, आणि त्यासाठी गाड्या, चालक आणि सरकारकडून वेळेवर मिळणारी भरपाई या तिन्ही गोष्टी लागतात.

म्हणून सरकारी बसचा हिशेब मार्गागणिक मांडणे अपुरे ठरते. बारमाही गर्दीचा मार्ग खाजगी मालकही चालवतो. १९४८ मध्ये राज्यांनी या व्यवसायात पाऊल टाकले ते त्यापलीकडच्या मार्गांसाठी. एच. डी. कोट्यातील तोट्याची फेरी ही या व्यवस्थेतील चूक नसून तिच्या स्थापनेमागचे कारण आहे, आणि ती फेरी चालू राहते की नाही यावरूनच महामंडळाच्या कामाचे मोल ठरवले पाहिजे.