निर्देशिका सूची (वेब सर्व्हर)

निर्देशिका सूची म्हणजे एखाद्या निर्देशिकेतील, अर्थात फोल्डरमधील, फाइलींची वेब सर्व्हरने आपोआप तयार केलेली यादी होय. वापरकर्त्याने फोल्डरचा पत्ता मागितल्यावर सर्व्हर त्यात मुखपृष्ठाची, बहुधा ‘इंडेक्स’ नावाची, फाइल शोधतो. ती नसेल आणि सूची दाखवण्याची परवानगी दिलेली असेल, तर सर्व्हर असे पान स्वतः तयार करून पाठवतो. परवानगी नसल्यास प्रवेश नाकारल्याचा ‘४०३’ हा संदेश मिळतो. दस्तऐवज, छायाचित्रे किंवा सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांचा संग्रह वेगळे संकेतस्थळ न बांधता खुला करण्यासाठी ही सोय उपयोगी पडते.

अपाचीमधील मांडणी

१९९५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या अपाची सर्व्हरमध्ये हे काम ‘मॉड ऑटोइंडेक्स’ हा घटक करतो. मूळ स्वरूपात सूची ही केवळ नावांची साधी यादी असते. ‘इंडेक्सऑप्शन्स’ या आज्ञेला ‘फॅन्सीइंडेक्सिंग’ हा पर्याय जोडल्यास नाव, बदलाची तारीख, आकार व वर्णन असे स्तंभ दिसतात आणि स्तंभाच्या शीर्षकावर टिचकी मारून क्रम बदलता येतो. ‘ॲडआयकॉन’ने फाइलप्रकारानुसार चिन्ह, ‘ॲडडिस्क्रिप्शन’ने वर्णन, ‘हेडरनेम’ व ‘रीडमीनेम’ने यादीच्या वर व खाली मजकूर, तर ‘इंडेक्सस्टाइलशीट’ने रंग व अक्षरशैली ठरवता येते. ‘फोल्डर्सफर्स्ट’ या पर्यायामुळे फोल्डर फाइलींच्या आधी दिसतात. प्रत्यक्ष फाइलीत या सर्व आज्ञा रोमन लिपीतच लिहाव्या लागतात.

देवनागरी नावे

अपाचीची मूळ मूल्ये छोटी रोमन नावे गृहीत धरून ठरवलेली असल्याने मराठी नावांच्या बाबतीत दोन अडचणी येतात. पहिली अक्षरसंचाची. लिनक्ससारख्या प्रणालींवर वेगळी सूचना नसेल, तर पान आयएसओ-८८५९-१ या अक्षरसंचात असल्याचे ब्राउझरला कळवले जाते. त्यामुळे देवनागरी नावाच्या जागी निरर्थक लॅटिन चिन्हे उमटतात. ‘कॅरसेट’चे मूल्य युटीएफ-८ केल्यावर नाव नीट दिसते.

दुसरी अडचण रुंदीची. नावाच्या स्तंभाची मूळ रुंदी २३ बाइट असते. युटीएफ-८मध्ये रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा, अनुस्वार व हलन्त यांना प्रत्येकी तीन बाइट लागतात. उदाहरणार्थ, वर्धा जिल्ह्यातील वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर या आठ तालुक्यांच्या नावांनी फोल्डर केल्यास पहिली सहा नावे पूर्ण दिसतात. ‘हिंगणघाट’ला मात्र २४ आणि ‘समुद्रपूर’ला २७ बाइट लागतात, म्हणून ही दोन नावे मध्येच तुटतात. ‘नेमविड्थ’ या पर्यायाला तारांकन दिल्यास सर्वांत लांब नावाइतकी रुंदी आपोआप घेतली जाते. काही लिनक्स वितरणांत या दोन्ही सूचना आधीच केलेल्या असतात.

क्रमही मराठी वर्णमालेनुसार लागतोच असे नाही. युनिकोडमध्ये ‘ळ’चे स्थान ‘ल’ नंतर व ‘व’ आधी आहे. वर्णमालेत मात्र तो ‘ह’ नंतर येतो. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ ही जोडाक्षरे अनुक्रमे ‘क’ व ‘ज’ यांच्या गटात जातात. ठरावीक क्रम हवा असल्यास नावाच्या आरंभी ०१, ०२ असे समान लांबीचे आकडे लिहितात.

एनजिनएक्स

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनजिनएक्समध्ये ‘ऑटोइंडेक्स’ ही आज्ञा सूची सुरू करते. आकार अचूक बाइटमध्ये की सुटसुटीत एककांत आणि वेळ स्थानिक की जागतिक प्रमाणवेळेत दाखवायची, हे ठरवता येते. सूची एक्सएमएल किंवा जेसन स्वरूपातही मिळते. तिच्यावरून हवे तसे पान रचता येते.

सुरक्षितता

सूची खुली राहिल्यास राखीव प्रती, नोंदवह्या किंवा वैयक्तिक कागदपत्रे अनवधानाने उघड होऊ शकतात. अपाचीतील ‘इंडेक्सइग्नोर’ ही आज्ञा फाइलीचे नाव यादीतून वगळते. परंतु नेमका पत्ता ठाऊक असणाऱ्याला ती फाइल तरीही उघडता येते. त्यामुळे गोपनीय फाइली सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवणे किंवा त्यांना परवलीच्या शब्दाचे संरक्षण देणे आवश्यक ठरते आणि सूचीची गरज नसलेल्या फोल्डरांत ती बंद ठेवली जाते.